ब्लॉक मिळाला, काम कोणतं?

शनिवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक छोटी चौकट असते. मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड, हार्बरवर कुर्ला ते वाशी, सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपणारा मेगा ब्लॉक. पश्चिम रेल्वेवर त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. मुंबईकर ती चौकट वाचतो आणि रविवारचे बेत बदलतो. नातेवाइकांकडे जायचं तर सकाळी लवकर निघायचं, नाहीतर सरळ पुढच्या रविवारवर ढकलायचं. रुळांवर राबणाऱ्या माणसांच्या लेखी मात्र ती चौकट म्हणजे आठवडाभर वाट पाहून पदरात पडलेले तास. गर्दीच्या वेळी ज्या मार्गावर तीन-चार मिनिटांना एक लोकल जाते, तो मार्ग आता थोडा वेळ त्यांच्या ताब्यात येणार असतो.

कागदावर ते तास पाच दिसतात. प्रत्यक्षात हाती लागतात त्याहून बरेच कमी.

ब्लॉकची वेळ झाली म्हणून लगेच पहार चालत नाही. शेवटची गाडी त्या टप्प्यातून बाहेर पडल्याची खात्री व्हावी लागते. स्टेशन मास्तर आणि कामावरचा अभियंता यांच्यात लेखी देवाणघेवाण होते. वरच्या तारेचं काम असेल तर ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर वीज तोडतो, तसा निरोप देतो, आणि निरोप खरा असल्याची खूण म्हणून ‘प्रायव्हेट नंबर’ची अदलाबदल होते. एवढं झाल्यावरही तारेला कुणी हात लावत नाही. शेजारच्या मार्गावरची तार पंचवीस हजार व्होल्टने भारलेलीच असते आणि तिच्यामुळे बंद तारेतही जीवघेणा विद्युतदाब उतरू शकतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीशी जोडली जाते. रूळ उघडायचा असेल तर ६०० मीटरवर लाल बॅनर आणि १२०० मीटरवर रुळावर तीन डिटोनेटर. सिग्नलच्या वायरला हात लावायचा असेल तर ‘टी/३५१’ हा डिसकनेक्शनचा फॉर्म भरून स्टेशन मास्तरची सही. काम संपल्यावर हा सगळा क्रम उलट दिशेने पुन्हा. माणसं मोजायची, अवजारं मोजायची, रॉड काढायचे, सिग्नल तपासून परत जोडायचे, मार्ग सुरक्षित असल्याचं लिहून द्यायचं. वेळ उलटून गेली आणि मार्ग परत देता आला नाही, तर रेल्वेच्या बोलीत ‘ब्लॉक बर्स्ट झाला’. मग मागे खोळंबलेल्या गाड्यांची रांग लागते आणि पुढच्या वेळी ब्लॉक मागायला गेलेल्या अभियंत्याला आधी त्या दिवसाचा जाब द्यावा लागतो.

या आखडलेल्या वेळात काय करायचं, हे ठरवणारी एक यादी प्रत्येक विभागाकडे असते. रेल्वेचा रुळांचा विभाग, विजेचा विभाग, सिग्नलचा विभाग, प्रत्येकाची वेगळी. या लेखाचा विषय ती यादीच आहे. रिकामा वेळ मिळवण्यासाठी जेवढी धडपड होते, त्याच्या निम्मीही त्या वेळात करायच्या कामांची यादी नीट राखण्यासाठी होत नाही. आणि काम हातातून निसटतं ते बहुतेक वेळा इथेच.

याचा सरकारी पुरावा आहे. रेल्वेगाड्या रुळांवरून घसरण्याच्या घटनांवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तयार केलेला अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. रुळांची देखभाल करणारी कोट्यवधींची यंत्रं पडून का राहतात, याची कारणं त्यात मांडली आहेत. परिचालन विभागाने ब्लॉकच दिला नाही, हे कारण ३२ टक्के वेळा. हे अपेक्षितच होतं; रुळांचे अभियंते वर्षानुवर्षं तेच गाऱ्हाणं सांगत आले आहेत. पण त्याच्या खालोखाल, ३० टक्के वेळा, कारण होतं ते विभागांनी ब्लॉकचं नियोजनच केलं नव्हतं, हे. माणसं नव्हती म्हणून यंत्र थांबलं, असं फक्त ५ टक्के वेळा घडलं आणि करायला कामच नव्हतं असं ३ टक्के वेळा. म्हणजे काम होतं, माणसं होती, यंत्र होतं. कोणत्या तासाला कोणतं काम बसवायचं, हे आधी कुणी मांडून ठेवलं नव्हतं.

यादी म्हटली की ती कशी असते? ‘कि.मी. अमुक, वेल्डिंग बाकी.’ ‘पॉइंट नंबर तमुक, स्लीपर बदलणे.’ ‘पुलाखालचा गाळ.’ प्रत्येक ओळ खरी असते, कुणीतरी उन्हात चालून पाहून लिहिलेली असते. तरीही ब्लॉकच्या दिवशी ती ओळ उपयोगाची ठरेलच असं नाही. रुळाच्या एका वेल्डिंगचंच उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे.

दोन रुळांची टोकं जोडायची असतात तेव्हा त्यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवतात. कमीजास्त चालत नाही. टोकं घासून स्वच्छ केली जातात, सरळ पट्टी लावून रेषेत आणली जातात, भोवती साचा बसवून कडा लेप लावून बंद करतात. मग ज्योतीने टोकं तापवायची. वर ठेवलेल्या मुशीत ॲल्युमिनियम आणि लोहभस्म यांचं मिश्रण पेटवलं की काही सेकंदांत पांढराफेक उजेड होतो आणि वितळलेलं पोलाद खाली साच्यात उतरतं. प्रत्यक्ष ओतण्याचं काम डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच संपतं. पण आधीची जुळवाजुळव आणि नंतरची छाटणी, घासणी यांतच खरा वेळ जातो. धातू घट्ट होऊन जोड सावरेपर्यंत त्यावरून गाडी सोडता येत नाही. शिवाय मिश्रणाचं पाकीट त्या रुळाच्या वजनाचं आणि जातीचं असावं लागतं, ओल लागलेलं चालत नाही, आणि वेल्डर परवानाधारक असावा लागतो.

आता पुन्हा ती ओळ वाचावी: ‘कि.मी. अमुक, वेल्डिंग बाकी.’ किती वेळ लागेल? कुठल्या जातीचा रूळ? मध्ये तुकडा घालायचा आहे का? घालायचा असेल तर वेल्डिंग एक नाही, दोन. तुकडा साइटवर पडला आहे का? वीज बंद लागेल का? यांतलं काहीच त्या ओळीत नाही. ब्लॉक मिळाल्यावर हे प्रश्न एकामागून एक सुटायला लागतात आणि तोवर घड्याळ पुढे सरकलेलं असतं. मग पार्टी जवळचं, सोपं, ओळखीचं काम हातात घेते. अवघड काम यादीत राहतं, पुढच्या यादीत उतरतं, त्याच्या पुढच्याही. जुन्या यादीवरून नवी यादी उतरवून घेण्याची सवय असेल तर असं एखादं काम वर्षभर तसंच वाहत राहतं आणि शेवटी त्या ओळीकडे कुणाची नजरच जात नाही.

जिथे काम बरं चालतं, तिथे ही ओळ वेगळी दिसते. तिच्यात कामाचा निव्वळ वेळ वेगळा आणि मांडामांड-आवराआवरीचा वेळ वेगळा लिहिलेला असतो. साहित्य ‘मागवले’ आणि साहित्य ‘पोचले’ हे दोन निराळे रकाने असतात, कारण या दोन शब्दांमधल्या अंतरात कित्येक ब्लॉक वाया गेले आहेत. ऋतूही लिहिलेला असतो. लांब वेल्ड केलेल्या रुळातला ताण मोकळा करण्याचं काम, ज्याला डिस्ट्रेसिंग म्हणतात, ते रुळाचं तापमान ठरावीक मर्यादेत असतानाच करता येतं. मे महिन्यातल्या भर दुपारी भारतात रूळ साठ अंशांच्याही वर तापतो, तेव्हा हे काम यादीत असूनही नसल्यासारखंच. ते थंड प्रहराच्या ब्लॉकसाठी राखून ठेवावं लागतं. उलट घाटातली नाली साफ करणं, दरडीचे सुटे दगड उतरवणं ही कामं सात जूनच्या आत झाली नाहीत, तर नंतर त्यांचा उपयोग नाही. कर्जत-लोणावळा आणि कसारा घाटात उन्हाळ्यात डोंगरावर चढणाऱ्या टोळ्या याच मुदतीशी शर्यत लावत असतात.

रेल्वेच्या शब्दसंग्रहात या सगळ्याला साजेसा एक शब्द आहे: शॅडो ब्लॉक. एका विभागाने मागून घेतलेल्या ब्लॉकच्या सावलीत दुसऱ्या विभागाने आपलं काम उरकून घ्यायचं. रुळांच्या विभागाने खडी साफ करणाऱ्या यंत्रासाठी चार तास घेतले असतील, तर त्याच टप्प्यात टॉवर वॅगन नेऊन विजेच्या विभागाने इन्सुलेटर पुसावेत, सिग्नलवाल्यांनी पॉइंटची मोटर तपासावी. गाड्यांचा खोळंबा एकदाच, कामं तीन. कल्पना इतकी सरळ आहे की ती सगळीकडे आपोआप राबत असेल असं वाटावं. पण शॅडो ब्लॉक खऱ्या अर्थाने मिळतो तो तिन्ही याद्या एकाच भाषेत लिहिलेल्या असतील तेव्हा. एकाची यादी किलोमीटरवार, दुसऱ्याची विजेच्या खांबांच्या क्रमांकांनुसार आणि तिसऱ्याची स्टेशनवार असली, की शेजारी शेजारी असलेली दोन कामं कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. शिवाय खालचं यंत्र आणि वरचा टॉवर वॅगन एकाच ठिकाणी एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत. कोण आधी, कोण नंतर, हे आदल्या दिवशी कागदावर नसेल तर सावलीचं भांडण होतं.

म्हणूनच २०२३ च्या अखेरीस रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत ‘रोलिंग ब्लॉक’ची तरतूद झाली तिचं महत्त्व मोठं आहे. सगळ्या विभागांची देखभालीची कामं एकत्र मांडून ब्लॉकचा कार्यक्रम ५२ आठवडे पुढपर्यंत आखायचा आणि तो सरकता ठेवायचा, अशी ती पद्धत. वर्षभर आधी काम मांडायचं म्हटलं की त्या कामाची लांबी, साहित्य, यंत्र, माणसं यांचा विचार करावाच लागतो. नुसती ‘बाकी’ म्हणून लिहिलेली ओळ तिथे टिकत नाही. हा नियम किती मनापासून पाळला जाईल, ते विभागाविभागावर अवलंबून राहील. पण यादी सुधारण्याची सक्ती नियमातच आली, हे चांगलं झालं.

कल्पनेबाहेरचा रिकामा वेळ एकदाच मिळाला. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. जो मार्ग तासाभरासाठी मिळवताना पत्रांचा ढीग पडायचा, तो मार्ग दिवसेंदिवस मोकळा होता. मालगाड्या चालू होत्या, माणसं येणं अवघड होतं, साहित्याची वाहतूक अडलेली होती, संसर्गाची भीती होती. तरीही जुलै २०२० मध्ये रेल्वे मंत्रालयाने वर्षानुवर्षं रखडलेली सुमारे २०० कामं या काळात पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. त्यात ८२ पुलांची पुनर्बांधणी किंवा डागडुजी होती, फाटकांच्या जागी कमी उंचीचे ४८ भुयारी रस्ते होते, १४ जुने पादचारी पूल उतरवले गेले होते, ५ यार्डांची फेररचना झाली होती. टाळेबंदी कुणालाच आधी ठाऊक नव्हती. तेव्हा घाईघाईने नकाशे काढून पूल बांधता येणं शक्यच नव्हतं. जी कामं झाली ती आराखडा, मंजुरी आणि ठेकेदार यांच्यासह दाराशी येऊन थांबलेली होती. त्यांना फक्त मार्ग मोकळा व्हायला हवा होता.

रस्त्यावरचं असंच एक काम महाराष्ट्राच्या चांगलं लक्षात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळचा अमृतांजन पूल १८३० सालचा. त्याच्या दगडी खांबांमुळे तिथे रस्ता आवळला जायचा, अपघात व्हायचे, घाटात गाड्यांच्या रांगा लागायच्या. तो पाडायचा हे आधीपासून चर्चेत होतं, पण एवढ्या वाहत्या रस्त्यावर स्फोट घडवायचा कधी, इथे घोडं अडलं होतं. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, रस्त्यावर गाडी दिसेनाशी झाल्यावर, नियंत्रित स्फोटाने तो पूल पाडला गेला. टाळेबंदी सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. जुन्या वास्तूवर प्रेम करणाऱ्यांना त्याचं वाईट वाटलं आणि ते वाटणं रास्त होतं. काम म्हणून पाहिलं तर मात्र संधी आणि तयारी यांची एवढ्या चटकन गाठ पडल्याची उदाहरणं सार्वजनिक बांधकामात थोडी आहेत.

रेल्वेपासून दूर, ऊसपट्ट्यात, याच प्रश्नाला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या पद्धतीने तोंड दिलं जात आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कारखान्यांचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं आहे. दिवाळीच्या आगेमागे गळीत सुरू होतं आणि उन्हाळा चढेपर्यंत तिन्ही पाळ्यांत रात्रंदिवस चालतं. उरलेले महिने ऑफ सीझन. बाहेरच्या माणसाला तेव्हा कारखाना बंद दिसतो. आत मात्र मिलचे रोलर उतरवलेले असतात, झिजलेले दात नव्याने पाडायला वर्कशॉपमध्ये गेलेले असतात, बॉयलरच्या नळ्या तपासून गळक्या नळ्या बदलल्या जात असतात, बॉयलर निरीक्षकाच्या भेटीची तयारी चाललेली असते. जून-जुलैत मिल रोलर पूजन, दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी. हे विधी म्हणजे एका अर्थाने मुदतीच आहेत. रोलर पूजनाच्या पत्रिका वाटल्या गेल्या की रोलर जागेवर बसलेला असावाच लागतो. अध्यक्ष, संचालक, सभासद सगळे हजर असतात, तेव्हा ‘पार्ट यायचाय’ ही सबब चालत नाही. तारीख सगळ्या गावाला माहीत असणं हा यादी पुढे ढकलण्यावरचा जबरदस्त उपाय आहे, आणि तो शोधून काढायला कुणा सल्लागाराची गरज लागली नाही.

ऑफ सीझनची यादी तशी सोपी, कारण वेळ भरपूर असतो. कसोटी लागते ती हंगामात मिल अचानक थांबते तेव्हा. अवकाळी पाऊस झाला, शेतात चिखल झाला, तोडणी बंद पडली, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर अडले, की गव्हाण रिकामी. कारखान्यांच्या हंगामी अहवालात वाया गेलेल्या तासांची कारणवार नोंद करावी लागते: ऊस नाही म्हणून किती, यांत्रिक बिघाडाने किती, साफसफाईसाठी किती. ऊस नसल्याने गेलेला तास परत येत नाही. पण त्याच तासात साफसफाई उरकून घेतली, तर पुढे साफसफाईसाठी मिल वेगळी थांबवावी लागत नाही. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत रसातले क्षार चिकटून थर जमतो, वाफेची उष्णता रसापर्यंत पोचेनाशी होते. तो थर कॉस्टिक सोड्याने उकळून, ब्रश फिरवून काढावा लागतो. चांगला चीफ इंजिनिअर आणि चांगला चीफ केमिस्ट यांच्या खिशात अशा वेळेसाठी दोन-तीन याद्या असतात. तासाभराचा थांबा असेल तर काय, पाळीभराचा असेल तर काय, आणि दिवस जाणार असेल तर काय. एकच लांबलचक यादी ठेवण्यापेक्षा वेळेच्या मापाने वेगवेगळ्या याद्या ठेवणं, ही ऊसपट्ट्यातली रीत कुठल्याही कार्यालयाने उचलावी अशी आहे. रिकाम्या तासाला आठ तासांचं काम दाखवलं तर माणूस ते उघडतच नाही. उघडलं तर अर्धवट सोडतो, आणि अर्धवट उघडलेलं यंत्र बंद यंत्रापेक्षा वाईट.

याद्यांच्या बाबतीत जगात सगळ्यात बारकाईने विचार झाला तो विमानात आणि शस्त्रक्रियागृहात. १९३५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं चार इंजिनांचं नवं बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळलं. यंत्रात दोष नव्हता. शेपटीचे नियंत्रक वाऱ्याने हलू नयेत म्हणून जखडून ठेवलेले असतात, ते सोडवायचं राहून गेलं होतं. वैमानिक अत्यंत अनुभवी होता. त्यानंतर वैमानिकांनी त्या विमानासाठी छोटी तपासयादी बनवली आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडालं.

शस्त्रक्रियेची यादी जगभर नेणाऱ्या डॉ. अतुल गावंडे यांचं मूळ यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावातलं. वडील तिथून शिकून अमेरिकेत गेले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि सहकाऱ्यांनी १९ मुद्द्यांची यादी तयार केली, ती आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यांत नवी दिल्लीही होती. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. त्यांच्यामागची कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पहिली यादी चालली नाही. गावंडे यांनी ती आपल्याच शस्त्रक्रियागृहात वापरून पाहिली, तेव्हा ती लांब होती, संदिग्ध होती, कुणी वाचायची हे ठरलेलं नव्हतं. दिवस संपायच्या आत ती बाजूला पडली. मग ते बोइंगमध्ये याद्या लिहिणाऱ्या माणसांकडे शिकायला गेले. तिथे ऐकायला मिळालं ते असं: यादी कुठे थांबून वाचायची ते क्षण आधी ठरवा, एका थांब्यावर पाच ते नऊ मुद्दे, तज्ज्ञ माणूस एरवीही विसरणार नाही अशा गोष्टी काढून टाका, आणि खोलीत बसून लिहिलेली यादी प्रत्यक्ष वापरून पाहिल्याशिवाय पक्की मानू नका. शस्त्रक्रियेच्या यादीत मग तीन थांबे आले: भूल देण्याआधी, कापण्याआधी, आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी.

ब्लॉकच्या यादीला हे तीन थांबे जसेच्या तसे लागू पडतात. मार्ग ताब्यात घेण्याआधी एक. परत देण्याआधी एक. आणि सगळ्यात दुर्लक्षित असा मधला, पाऊण वेळ सरल्यावरचा: आता नवं काम उघडायचं का? बर्स्ट झालेल्या ब्लॉकचं मूळ पुष्कळदा इथे असतं. ठरलेलं काम लवकर आटोपलं, तासभर उरला, हुरूप आला, आणि यादीतलं पुढचं काम उघडलं गेलं, ज्याला दीड तास लागणार होता. उरलेल्या वेळासाठी रूळ उघडावा लागणार नाही अशी कामं वेगळी लिहून ठेवली असतील, तर हा हुरूप वाया जात नाही: खडी भरणं, चाव्या ठोकणं, गवत काढणं, पडलेलं भंगार गोळा करणं.

यादीच्या शेवटच्या ओळींचं मोल दोन अपघातांनी दाखवून दिलं. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ उत्कल एक्स्प्रेस रुळांवरून घसरली आणि वीसहून अधिक माणसं गेली. तिथे रुळाच्या जोडाचं काम चाललं होतं आणि त्यासाठी रीतसर ब्लॉक घेतलेला नव्हता. गाडीला थांबवणारी निशाणीही नव्हती. काम निकडीचं होतं, वेळ मिळत नव्हता, आणि न मिळालेल्या वेळात ते उरकण्याचा प्रयत्न झाला. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर जाऊन उभ्या मालगाडीवर आदळली, २९० हून अधिक बळी गेले. चौकशीत पुढे आलं की सिग्नलच्या जोडणीत आधीच्या बदलांच्या वेळी चुका राहिल्या होत्या आणि फाटक क्रमांक ९४ च्या बॅरियरचं काम करताना त्यांतून हा अनर्थ घडला. एकीकडे काम सुरू करण्याची परवानगी नव्हती, दुसरीकडे काम झाल्यावरची तपासणी कमी पडली. या दोन्ही गोष्टी यादीत असतात. फरक पडतो तो त्या ओळींसाठी घड्याळात वेळ राखून ठेवलेला असतो की उरलेल्या मिनिटांत त्या कोंबल्या जातात, याने. परत जोडून तपासण्याची वीस मिनिटं कामाच्या वेळेत धरलीच नाहीत, तर तीच सर्वांत आधी कापली जातात.

यादी कोण लिहितं, हाही प्रश्न आहे. प्रत्येक टप्प्यावर रोज सकाळी की-मॅन निघतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, जाताना एका रुळाकडे नजर, येताना दुसऱ्याकडे. साधारण सहा किलोमीटरचा तो पट्टा त्याला तोंडपाठ असतो. कुठल्या स्लीपरखाली पाणी साचतं, कुठली चावी ठोकली तरी आठवड्यात पुन्हा सैल होते, कुठल्या वळणावर गाडी जरा जास्त कलते, हे त्याला ठाऊक असतं. पण ब्लॉकची यादी वरच्या कार्यालयात बनते आणि तिच्यात त्याचं निरीक्षण पोचतं ते मुकादमामार्फत, त्याने सांगितलं तर, आणि वरच्याने लिहून घेतलं तर. यादीतून काम वगळण्याचा अधिकार तर त्याला नाहीच. तीन महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालेला जोड यादीत अजून ‘बाकी’ दिसतो, हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसतं. ब्लॉकच्या आदल्या दिवशी मुकादम आणि की-मॅन यांच्यासमोर यादी वाचून दाखवणं, त्यांच्या सांगण्यावरून ओळी खोडणं आणि वाढवणं, याला कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

आणि यादीत माणसांच्या विश्रांतीचीही ओळ असावी. रात्रीच्या ब्लॉकमध्ये राबलेल्या गँगला सकाळच्या ड्यूटीवर उभं करायचं आणि दुपारी तापल्या रुळावर हातोडा चालवायला लावायचं, यात काम होत नाही, धोका वाढतो. रिकामा म्हणून दिसणारा प्रत्येक तास भरून काढण्याच्या हट्टाला इथे लगाम हवा. थकलेला वेल्डर फट मोजताना चुकला तर तो जोड पुन्हा कापावा लागतो.

दिवाळी सरली की थंडी पडेल. थंडीत रूळ आकसतात आणि जुन्या जोडांजवळ तडे जाण्याचा धोका वाढतो, म्हणून पहाटेच्या अंधारात विजेरी घेऊन गस्त सुरू होते. तडा सापडला की गस्तवाला गाडी थांबवतो, जोडपट्टी आणि क्लॅम्प लावून रूळ तात्पुरता सावरला जातो, गाड्या वेग कमी करून पुढे सोडल्या जातात. कायमची दुरुस्ती यादीत जाते. त्या ओळीत किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक, रुळाची जात, तुकड्याची लांबी, दोन वेल्डिंगना लागणारा वेळ, वीज बंद लागेल की नाही, आणि तुकडा साइटवर पोचल्याची तारीख एवढं लिहिलेलं असलं, तर येत्या रविवारच्या ब्लॉकमध्ये ते काम बसतं आणि सोमवारी सकाळच्या लोकलला तिथे वेग कमी करावा लागत नाही.